ग्रेस हॉपर: १४४० स्विचपासून रस्टच्या कॉन्स्टपर्यंत

रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा शिकायला घेतली की पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न पडतो. या भाषेत लेट लिहून घेतलेली किंमत तशीही बदलता येत नाही. मग कॉन्स्ट नावाचा वेगळा शब्द कशाला हवा? दोन्ही न बदलणारेच ना?

मला हा प्रश्न कोणी विचारला की मी त्याला थेट १९४४ सालात घेऊन जातो. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या एका तळघरात तेव्हा ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच असं एक यंत्र खडखडत होतं. त्याच्यासमोर नौदलाच्या गणवेशात एक सदतीस वर्षांची गणिताची प्राध्यापिका उभी होती, ग्रेस हॉपर. कंपायलर हा शब्द आज आपण ज्या सहजतेने वापरतो, त्यामागे या बाईंचे बरेच कष्ट आहेत. त्यांची गोष्ट नीट सांगितली की कॉन्स्ट आपोआप समजतं, असा माझा अनुभव आहे.

घड्याळं उघडणारी मुलगी

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील विम्याच्या धंद्यात होते. पणजोबा अमेरिकी नौदलात रिअर अ‍ॅडमिरल होते, ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल. सात वर्षांची असताना ग्रेसने गजराचं घड्याळ आतून कसं चालतं ते बघायला एक घड्याळ उघडलं. ते परत जुळेना म्हणून दुसरं उघडलं. आईच्या लक्षात येईपर्यंत सात घड्याळांचे तुकडे झाले होते. आईने ओरडण्याऐवजी एक घड्याळ तिला देऊन टाकलं आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही असं बजावलं.

वासर कॉलेजच्या प्रवेशाला पहिल्या खेपेला लॅटिन आडवं आलं, पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. १९२८ साली पदवी, १९३४ साली येल विद्यापीठातून गणितात पीएचडी. मधल्या काळात विन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं. ते टिकलं नाही, १९४५ मध्ये घटस्फोट झाला, पण आडनाव कायम राहिलं. वासरमध्येच त्या गणित शिकवत होत्या. आयुष्य तसं मार्गी लागलेलं होतं.

मग पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. ग्रेसना नौदलात जायचं होतं. नौदलाच्या हिशेबात त्यांचं वय जास्त, वजन नियमापेक्षा सुमारे ७ किलो कमी, आणि वर गणिताच्या प्राध्यापिका असल्यामुळे त्या आहेत तिथेच जास्त उपयोगाच्या. त्यांनी वजनाच्या नियमातून सूट मिळवली, कॉलेजातून रजा मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये भरती झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या. जुलै १९४४ मध्ये हुकूम आला, हार्वर्डला जा. तिथे हॉवर्ड एकेन नावाचे कडक शिस्तीचे अधिकारी मार्क वन हे यंत्र चालवत होते. पोहोचल्या त्याच दिवशी त्यांना काम मिळालं. आर्क टॅन्जंटच्या तक्त्यांसाठी लागणारे सहगुणक काढायचे होते, तेही २३ अंकांपर्यंत अचूक.

ज्या यंत्रात कॉन्स्टंट हाताने फिरवायचे

इथे थोडं थांबू या, कारण आपल्या विषयाची मेख इथेच आहे.

मार्क वनमध्ये आकडे ठेवायच्या दोन अगदी वेगळ्या जागा होत्या. एका भागात ७२ काउंटर. हिशेब चालू असताना यांच्यातले आकडे सतत बदलायचे. दुसऱ्या भागात ६० रजिस्टर, आणि प्रत्येकावर २४ गोल स्विच: २३ अंकांसाठी आणि एक अधिक-उण्याच्या चिन्हासाठी. ६० गुणिले २४ म्हणजे १४४० स्विच. हे स्विच यंत्र फिरवू शकत नव्हतं. ते फक्त वाचू शकत होतं. हिशेब सुरू होण्याआधी माणसाने भिंतीसमोर उभं राहून एकेक स्विच हाताने योग्य अंकावर आणायचा. प्रोग्राम तिसरीकडेच, भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर.

म्हणजे बघा, काउंटर हे व्हेरिएबल आणि स्विचची भिंत हे कॉन्स्टंट. त्या काळात हा फरक भाषेच्या व्याकरणात नव्हता, तो लोखंडात होता. कुठली किंमत आधी ठरलेली आहे आणि कुठली चालताना ठरणार आहे, हे खोलीत शिरल्या शिरल्या डोळ्यांना दिसायचं.

आता वेगाचा विचार करा. मार्क वनला एका गुणाकाराला सुमारे ६ सेकंद लागायचे. एखादा गुणाकार हजार फेऱ्यांत हजार वेळा तोच येत असेल, तर तो प्रत्येक फेरीत यंत्राकडून करून घ्यायचा, की एकदाच कागदावर करून उत्तर स्विचवर लावून ठेवायचं? पहिल्या मार्गाने दीड तासापेक्षा जास्त वेळ जातो, दुसऱ्याने काहीच नाही.

रस्टमधलं कॉन्स्ट नेमकं हेच करतं. समजा तुम्हाला दिवसातले सेकंद हवेत. आधी कॉन्स्ट हा शब्द, मग नाव, मग कोलन देऊन प्रकार, मग बरोबरचं चिन्ह आणि किंमत. देवनागरीत लिहिलं तर असं दिसेल:

कॉन्स्ट दिवसाचे_सेकंद: यू३२ = २४ * ६० * ६०;

प्रत्यक्षात नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायचा रिवाज आहे, म्हणजे वाचणाऱ्याला लांबूनच कळतं की ही स्विचच्या भिंतीवरची किंमत आहे. प्रकार लिहावाच लागतो. लेटमध्ये तो बऱ्याचदा कंपायलर स्वतः ओळखतो, इथे ती सूट नाही. २४ गुणिले ६० गुणिले ६० हा गुणाकार तुमच्या फोनवर होत नाही. तो प्रोग्राम बांधला जातानाच होतो आणि फोनपर्यंत तयार ८६,४०० पोहोचतात. लेटची किंमत मात्र चालताना ठरली तरी चालते: वापरणाऱ्याने टाइप केलेलं काही, फाइलमधून आलेलं काही, आत्ता किती वाजले ते. एकदा ठरली की ती बदलत नाही इतकंच. कॉन्स्टला हे चालत नाही. प्रोग्राम सुरू होण्याआधी जे कळूच शकत नाही ते कॉन्स्टमध्ये लिहिलंत, तर कंपायलर तुम्हाला दारातूनच परत पाठवतो. म्हणूनच ठरावीक लांबीच्या अ‍ॅरेची लांबी कॉन्स्टने देता येते, साध्या लेटने नाही.

पण मार्क वनची एक भीती होती. १४४० पैकी एक स्विच ७ च्या जागी ८ वर राहिला, तर यंत्र काहीच बोलायचं नाही. ते इमानदारीत चुकीचं उत्तर छापत बसायचं. आणि ही उत्तरं शाळेच्या वहीत जाणारी नव्हती. नौदलाच्या कामासाठी ती लागत होती, आणि त्याच उन्हाळ्यात गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन अणुबॉम्बच्या आत होणाऱ्या स्फोटाचं गणित घेऊन याच यंत्राकडे आले होते. ग्रेस आणि त्यांचे सहकारी रात्ररात्र यंत्राशेजारी बसायचे ते यासाठीच. मार्क वन कसं वापरायचं याचं पाचशेहून जास्त पानांचं पुस्तक १९४६ साली निघालं, तेही मुख्यतः ग्रेसनीच लिहिलेलं.

त्या पतंगाबद्दल दोन वाक्यं, नाहीतर तुम्ही विचारालच. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू यंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, पण तो ग्रेसना स्वतःला सापडला नव्हता आणि बग हा शब्दही त्याच्या कितीतरी आधीपासून चालत होता. त्यांनी गोष्ट रंगवून सांगितली, म्हणून ती त्यांच्या नावावर चढली.

नकलेतल्या चुका आणि पहिला कंपायलर

युद्ध संपलं. नियमित नौदलात घ्यायला त्यांचं वय जास्त ठरलं आणि हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही. ही वर्षं त्यांना जड गेली, दारूचा त्रासही याच काळातला. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाला एकर्ट आणि मॉकली यांच्या छोट्या कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक हा संगणक बनत होता. त्याची स्मृती किती, तर १००० शब्द, आणि एकेक शब्द १२ अक्षरांचा. आज तुमच्या फोनवरचा एक साधा फॉरवर्डेड फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

तिथे त्यांना रोज एक गोष्ट दिसत होती. प्रोग्रामर मंडळी उपयोगी तुकडे वहीत लिहून ठेवायची. कोणाकडे साइन काढायचा तुकडा, कोणाकडे वर्गमुळाचा. गरज लागली की एकमेकांच्या वहीतून उतरवून घ्यायचे. पण प्रत्येक तुकडा शून्य पत्त्यापासून लिहिलेला असायचा. तो आपल्या प्रोग्राममध्ये तीनशेव्या जागी बसवायचा, तर त्यातल्या प्रत्येक पत्त्यात ३०० मिळवायचे. इथे दोन तऱ्हेच्या चुका व्हायच्या. एक तर बेरजेत. दुसरी नकलेत: घाईत लिहिलेला ४ त्रिकोणी डेल्टासारखा दिसायचा, इंग्रजी बी हे अक्षर १३ वाचलं जायचं. ग्रेसच्या मनात आलं की उतरवणं आणि बेरीज करणं ही दोन्ही कामं माणूस वाईट करतो आणि यंत्र उत्तम करतं. मग माणूस का करतोय?

१९५१ च्या शरद ऋतूपासून १९५२ च्या मे महिन्यापर्यंत त्यांनी ए-झिरो नावाचा प्रोग्राम लिहिला. तपासलेले तुकडे चुंबकीय पट्टीवर ठेवायचे, प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा. प्रोग्रामरने फक्त क्रमांक आणि कुठल्या आकड्यांवर काम करायचं ते लिहायचं. ए-झिरो पट्टीवरून तुकडे उचलायचा, पत्ते बदलायचा, सगळं एकामागे एक जोडायचा आणि तयार प्रोग्राम हातात द्यायचा. एक अडचण होती. अजून न आलेल्या तुकड्याकडे उडी मारायची असेल तर पत्ता कुठून आणणार? कॉलेजात खेळलेल्या बास्केटबॉलमधून त्यांना युक्ती सुचली. उडी आधी स्मृतीच्या टोकाला राखून ठेवलेल्या कोपऱ्यात पाठवायची, आणि तो तुकडा येऊन बसला की कोपऱ्यातून त्याच्याकडे पास द्यायचा.

मे १९५२ मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. त्यानंतर बराच काळ कोणी त्याला हात लावेना. संगणक आकडेमोड करतो, प्रोग्राम लिहीत नाही, असं लोकांना ठामपणे वाटत होतं.

काही जाणकार म्हणतात की ए-झिरो आजच्या अर्थाने कंपायलर नव्हताच, त्याचं काम आजच्या लिंकर आणि लोडरशी जास्त जुळतं. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे. पण माझ्या मते ए-झिरोचं खरं मोल दुसरीकडे आहे. त्याआधी संगणकाच्या कामात दोनच वेळा होत्या: माणसाची तयारी आणि यंत्राचं चालणं. ए-झिरोने मध्ये तिसरी वेळ आणली. यंत्र चालतंय, पण तुमचा हिशेब अजून सुरू झालेला नाही, आत्ता फक्त त्याची तयारी चालली आहे. यालाच आपण आज कंपाइल टाइम म्हणतो. ही तिसरी वेळ नसती तर कॉन्स्टला राहायला घरच नव्हतं.

रस्टमधल्या कॉन्स्टला खरंच स्वतःचं घर नसतं, हेही ओघात सांगतो. स्मृतीत त्याचा एक ठरलेला पत्ता नसतो. जिथे जिथे तुम्ही ते नाव वापरता, तिथे तिथे कंपायलर किंमत उतरवून ठेवतो, वहीतून उतरवल्यासारखी, फक्त ४ चा डेल्टा न होता. एकच पत्ता हवा असेल तर त्यासाठी स्टॅटिक हा वेगळा शब्द आहे. आणि स्विचच्या भिंतीची ती भीतीसुद्धा इथे बरीच कमी होते. २५५ पर्यंतच मावणाऱ्या प्रकारात तुम्ही २५५ अधिक १ असा कॉन्स्ट लिहिलात, तर प्रोग्राम बांधलाच जात नाही. चूक तुमच्या टेबलावरच पकडली जाते, दुसऱ्याच्या फोनवर नाही. डिसेंबर २०१८ पासून तर स्थिर रस्टमध्ये कॉन्स्ट फंक्शनही लिहिता येतात, म्हणजे किंमत काढायची अख्खी रीतच बांधणीच्या वेळी चालवता येते. अँड्रॉइडचे काही भाग आता रस्टमध्ये लिहिले जातात, त्यामुळे हे सगळं तुमच्या खिशापर्यंत आलेलंच आहे.

इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि कोबॉल

पुढे ग्रेसनी आणखी धाडस केलं. हिशेबनीस आणि व्यवस्थापक यांना चिन्हं आवडत नाहीत, मग त्यांना इंग्रजी शब्दांत प्रोग्राम का लिहू देऊ नये? त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा आली. दाखवण्यासाठी त्यांनी तोच छोटा प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. वरच्या साहेबांना धक्काच बसला, फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकन संगणकाला फ्रेंच आणि जर्मन कसं येणार! ग्रेसच्या दृष्टीने त्यात काहीच नव्हतं, शब्द म्हणजे यंत्राला नुसती चिन्हांची रांग. मराठी शब्द दिले असते तरी यंत्राने तक्रार केली नसती.

१९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये बैठक झाली आणि सगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालेल अशी एक भाषा करायचं ठरलं. तीच कोबॉल. तिच्या मागे मेरी हॉज, जीन सॅमेट अशी बरीच माणसं होती. ग्रेस सल्लागार होत्या, पण पाया बराचसा फ्लो-मॅटिकचाच. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबॉल प्रोग्राम आरसीए आणि युनिव्हॅक या दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालला. सुरुवातीच्या कोबॉलमध्ये माहितीच्या विभागात कॉन्स्टंटसाठी एक स्वतंत्र उपविभागच होता. मार्क वनची ती भिंत आता कागदावर आली होती. नंतरच्या प्रमाणित आवृत्तीत तो उपविभाग राहिला नाही.

एक गोष्ट मात्र भाषा ठरवू शकत नाही: कुठली किंमत खरोखर कधीच बदलणार नाही. ते माणसालाच ठरवावं लागतं. पंचकार्डावर ८० रकाने, स्मृती महाग, म्हणून वर्षाचे दोनच अंक लिहायची पद्धत पडली होती. पुढचे १९ सगळ्यांनी गृहीत धरले. ते कुठे कॉन्स्टंट म्हणून जाहीरही केलेले नव्हते, केले असते तर निदान एका जागी सापडले असते. ते हजारो प्रोग्रामांत न लिहिता मुरले होते, आणि त्यातले कितीतरी कोबॉलमध्ये होते.

हातातली वायर

१९६६ मध्ये नौदलाने ग्रेसना निवृत्त केलं आणि पुढच्याच वर्षी कोबॉलच्या घोळातून वाट काढायला सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. हे सहा महिने १९ वर्षं चालले. त्यांच्या ऑफिसात भिंतीवर एक घड्याळ होतं, उलट फिरणारं. पूर्वीपासून असंच चालत आलंय असं म्हणणाऱ्यांसाठी ते होतं. वेळ ते बरोबर दाखवायचं.

व्याख्यानात त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे वायरचे तुकडे वाटायच्या. वीज किंवा प्रकाश एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त जितकं अंतर कापू शकतो, तेवढी ही लांबी. उपग्रहावरून संदेश यायला इतका वेळ का लागतो असं एखाद्या अ‍ॅडमिरलने विचारलं, की त्या तुकडा पुढे करायच्या: इथून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे लागतील ते मोजा. हा आकडा कोणत्याही कंपायलरला बदलता येत नाही. गंमत म्हणजे १९८३ मध्ये मीटरची व्याख्याच नव्याने केली गेली आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला बरोब्बर २९,९७,९२,४५८ मीटर असा ठरवून टाकला. तेव्हापासून तो मोजायचा आकडा राहिला नाही, जाहीर केलेला आहे.

पणजोबांचा हुद्दा ग्रेसनाही मिळाला. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, बोस्टनमध्ये कॉन्स्टिट्यूशन या जुन्या जहाजावर रिअर अ‍ॅडमिरल ग्रेस हॉपर निवृत्त झाल्या. मग घरी बसायचं सोडून त्यांनी एका संगणक कंपनीत सल्लागाराची नोकरी धरली.

३१ डिसेंबर १९९९ पर्यंत आपल्याला जगायचंय असं त्या सांगायच्या. संगणकांना हे जमणार नाही म्हणणाऱ्या सगळ्यांना त्या रात्री त्यांना चार शब्द ऐकवायचे होते. १ जानेवारी १९९२ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी त्या गेल्या, आणि आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांना निरोप दिला गेला. १९९७ मध्ये त्यांचं नाव दिलेली एक युद्धनौका नौदलात दाखल झाली.

ती ३१ डिसेंबरची रात्र आली तेव्हा बाकी जग फटाके उडवत होतं, आणि मुंबई-पुण्यापासून न्यूयॉर्कपर्यंत ऑफिसांत कोबॉल येणारी माणसं पडद्याकडे बघत बसली होती, ९९ नंतर येणाऱ्या दोन शून्यांना यंत्र काय समजतं ते पाहायला.